कूलरसमोरचा समुद्र

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागायच्या आठ-दहा दिवस आधी आमच्या भिलाईत समुद्र येतो. मॉलच्या काचेमागे येतो. बिनडोक्याचे तीन पुतळे, त्यांच्या अंगावर नारळाची झाडं, अननस आणि लिंबं छापलेले सुती झगे, खांद्यावर नुसते दोन पट्टे, पायाशी पोतंभर वाळू आणि त्या वाळूत खोचलेले प्लास्टिकचे शिंपले. वाळू शिवनाथ नदीची असणार, कुठल्यातरी बांधकामावरून उचललेली. चाळलेलीही नसते, खडे दिसतात. वर पाटी, रिसॉर्ट वेअर. बाहेर पंचेचाळीस डिग्री. डोक्यापासून गळ्यापर्यंत ओढणी गुंडाळून, कोपरापर्यंत हातमोजे चढवून, नुसते डोळे उघडे ठेवलेल्या पोरी स्कूटीवर त्या काचेसमोरच्या सिग्नलला थांबतात आणि त्या पुतळ्यांकडे बघत राहतात. इथून कुठलाही समुद्र गाठायचा तर गाडीत एक अख्खी रात्र काढावी लागते. मला दरवर्षी हसू येतं, आणि ते हसू चांगलं नसतं.

उन्हाळ्यावर गोड गोड लिहिणाऱ्यांचाही मला तिटकारा आहे. माठातलं पाणी, वाळ्याचा वास, मोगरा, आमरस. या लोकांना उन्हाळ्यात कधी काही वाईट सुचलंच नाही काय? मला सुचलं होतं. सतराव्या वर्षी, भर नवतप्यात, डोकं अगदी थंड ठेवून. ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. आणि ज्या दोघींना सांगायला हवं होतं त्यांना तर मुळीच नाही.

या वर्षी ते बाहेर आलं ते माझ्या मुलीमुळे. तन्वी पुण्यात नोकरी करते, आठवडाभर घरी आली होती आणि इथूनच मैत्रिणींबरोबर गोव्याला जाणार होती. रायपूरच्या मॉलमधून तिने त्यासाठी एक झगा आणला. पांढऱ्या सुती कापडावर पिवळीधमक लिंबं, हिरवी पानं, चौकोनी गळा, खांद्यावर बांधायचे पट्टे आणि वरून घालायला त्याच कापडाचं आखूड जाकीट. मी नाक मुरडलं तेव्हा ती म्हणाली, "आई, प्लीज, ये विंटेज है. साठच्या दशकातली स्टाइल आहे, बीचवरची. तुला नाही समजणार." मला नाही समजणार.

माझी आई पलंगावर बसली होती. ऐंशीची आहे, मोतीबिंदू निघालेत, पण बोटांना अजून सगळं दिसतं. तिने झगा उलटा करून आतली शिवण चाचपली. "हे काय शिवणं झालं," ती म्हणाली. "दाबच नाही ठेवला. एक इंच सोडाले काय जात होतं यायचं?" मग तिने कापड सुलटं केलं, लिंबांवरून एकदा हात फिरवला आणि झगा तन्वीला परत दिला. "असा एक माह्याजवळ होता. शांतीनं खाल्ला तो."

तन्वीने विचारलं, कोण शांती? मी स्वयंपाकघरात निघून गेले आणि कारण नसताना नळ सोडला. छत्तीस-सदतीस वर्षांनी माझ्या आईच्या तोंडून ते नाव निघालं होतं, आणि तेही असं.

आई लग्न होऊन भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून भिलाईच्या कॅम्प-1 मध्ये आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. बाबा स्टील प्लांटमध्ये भट्टीवर लागलेले. शेती सोडून लोखंडाकडे आलेल्यांच्या वस्तीत आमचं दोन खोल्यांचं घर. आईने एकच वस्तू माहेराहून हट्टाने आणली होती, शिलाई मशीन. त्या काळी प्लांट उभा करायला आलेले रशियन त्यांच्या वेगळ्या वसाहतीत राहत आणि त्यांच्या बायकांना इथल्या उन्हाने वेड लागायचं बाकी होतं. त्यांच्यातल्या एकीसाठी आईने पहिल्यांदा झगा शिवला. तिचं नाव ल्युदा, आई तिला लुदाबाई म्हणायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. टेप होती, बोटं होती, आणि लुदाबाईने आणलेले फोटो होते. गोट्यांचा किनारा, मागे काळपट पाणी, आणि ओळीने उभ्या असलेल्या बायका, गोऱ्या, जाड, दंड उघडे, गुडघे उघडे, अंगावर फुलांचे आणि फळांचे सुती झगे. आई ते फोटो बघून वर्तमानपत्रावर झगा बेतायची. कागदाचा फर्मा असतो हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने तो स्वतः शोधून काढला.

ती मला लहानपणी सांगायची, त्यांच्या देशात उन्हाळा फक्त दोन महिन्यांचा असतो, म्हणून त्या उन्हाळ्याचे वेगळे कपडे शिवतात, सणाचे शिवावे तसे. त्याची मला तेव्हाही चीड यायची. ज्यांना ऊन दोन महिने मिळतं त्यांनी त्याच्यासमोर खांदे उघडे टाकून मिरवावं, आणि ज्यांच्या वाट्याला ते चार महिने येतं त्यांनी ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून भिंतीच्या कडेकडेने चालावं. मग तेच झगे इथे येतात, साठ वर्षांनी, मॉलच्या काचेत.

लुदाबाई परत गेली तेव्हा तिने आईला स्वतःचा एक झगा दिला. लिंबांचा. समुद्रावर घातलेला, धुऊन मऊ झालेला. आईने तो ट्रंकेत तळाशी ठेवला. पण त्याच्यावरून बेतलेला कागद तिने वाया घालवला नाही. पट्टे काढले, खांद्याला योकची पट्टी लावली, कोपरापर्यंत बाह्या दिल्या, घेर घोट्यापर्यंत खाली ओढला, आणि पहिला गाऊन शिवला आपल्या शेजारणीसाठी, शांताकाकूसाठी. पाहता पाहता सगळ्या गल्लीत ते गाऊन झाले. छापील सुती गाऊन, आणि दारात कुणी आलं की खांद्यावर टाकायला टॉवेल. समुद्रावरच्या कपड्याला आम्ही असं शालीन केलं. त्याच्यात खांदे होते हे विसरून गेलो आणि त्याच गाऊनमध्ये उभं राहून दुसऱ्यांच्या पोरींच्या बाह्यांवर बोललो. आमच्या गल्लीचा सोवळेपणा माझ्या आईने वर्तमानपत्रावर बेतून दिलेला होता, आणि हे गल्लीला कधीच कळलं नाही.

शांताकाकू, आईची शांती, आईहून दोन वर्षांनी लहान. तिचा नवरा बाबांच्याच पाळीत. आईची एवढी एकच मैत्रीण. ट्रंकेतला झगा फक्त तिला माहीत होता.

त्या उन्हाळ्यात मी बारावीची परीक्षा देऊन मोकळी होते आणि दुपारी टायपिंगच्या क्लासला जायचे. वर्गात पहिली यायचे, कपाळाला आठी घालून फिरायचे. सतराव्या वर्षी काही मुली सुंदर होतात, काही शहाण्या होतात. मी नैतिक झाले होते. एका दुपारी टायपिंगच्या सरांना लू लागल्यामुळे क्लास बंद होता. मी परत आले तर दाराला आतून कडी. हाक मारणार होते, पण आत कूलर चालू होता. बाबांनी पत्रा वाकवून बनवून घेतलेला, ढणढण वाजणारा. म्हणून बोळातून खिडकीकडे गेले. कूलर आणि चौकटीच्या मधे पुठ्ठा खोचलेला असायचा, तो घसरला होता. तिथून मी आत पाहिलं.

आई कूलरसमोर उभी होती, म्हणजे माझ्याच दिशेला तोंड करून. डोळे मिटलेले. अंगावर लिंबांचा झगा. मी आईचे दंड कधी उघडे पाहिले नव्हते. ते एवढे गोरे असतील असं मला वाटलं नव्हतं. वाऱ्याने झग्याचा घेर मागे उडत होता, गुडघे दिसत होते, वाळ्याच्या ताटीतून पाण्याचे थेंब उडून तिच्या गळ्यावर येत होते. तिने दोन्ही हात हळूहळू वर नेले, बोटं उघडली, आणि तशीच राहिली. मग एक पाय थोडा पुढे टाकला, फरशीवर नाही, पाण्यात टाकावा तसा. आणि ती हसली.

तिच्या हसण्यात कुणीच नव्हतं. बाबा नव्हते, घर नव्हतं. मी नव्हते.

सगळी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला लाज वाटली. खोटं आहे. लाज वाटली असती तर मी गप्प बसले असते. मला मत्सर वाटला. बेचाळीस-त्रेचाळीसची बाई, हातावर सुईची भोकं, आणि ती त्या पिवळ्या-पांढऱ्या कापडात अशी दिसत होती की मी जन्मात तशी दिसणार नव्हते. आणि तिला सुख व्हायला माझी गरज लागली नव्हती. हे मला सहन झालं नाही. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर बरं झालं असतं.

आत्या तेव्हा गावाहून आलेली होती, वाळवणाच्या दिवसांत दरवर्षी यायची. बाबांची मोठी बहीण, घरातल्या प्रत्येकाची चूक शोधून ठेवणारी. तिच्या पायाला तेल लावता लावता मी तिला सांगितलं. काळजीने सांगतेय असा चेहरा करून सांगितलं. आईला उन्हाचं काही होतंय काय, म्हणाले. दुपारी दार लावून मडमेचा झगा घालते, पट्ट्यांचा, आणि समुद्रावर असल्यासारखी हात वर करून उभी राहते. आत्याने दुसरा पाय पुढे केला.

चार दिवसांनी आमच्या घरचे पापड होते. आमच्या गल्लीत पापडाचा दिवस ठरलेला असायचा, आज एकीचे, उद्या दुसरीचे. प्रत्येकीने आपलं पोळपाट-लाटणं घेऊन यायचं आणि जिचे पापड असतील तिच्या घरी लाटायचं. कुणाच्या पापडाला न जाणं म्हणजे तिच्याशी तोडणं, ते तोंडाने सांगावं लागत नसे. त्या दिवशी बारा-तेरा बायका बसल्या होत्या, सगळ्या आईने शिवलेल्या गाऊनमध्ये. आत्याने उडदाच्या पिठाचा गोळा तेलाच्या हाताने चेपला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, "काय वं वहिनी, दुपारी दुपारी समुद्रावर जातेस म्हणते तू? पट्ट्याचा झगा घालून?"

एकीने विचारलं कसला समुद्र, आणि आत्याने सगळं सांगितलं. हात वर करून दाखवलं. बायका हसल्या. त्या हसण्यात विशेष वाईटही नव्हतं, हे मला आज कळतं. कंटाळलेल्या, घामेजलेल्या बायका, काहीतरी मिळालं आणि हसल्या. "आमालेबी ने वं एखाद दिवस," कुणीतरी म्हणालं. त्यांच्या अंगावरच्या प्रत्येक गाऊनमध्ये तोच झगा होता आणि त्या हसत होत्या.

आईने हसणाऱ्यांकडे पाहिलंच नाही. तिने शांताकाकूकडे पाहिलं. आणि शांताकाकूने आईकडे न बघता माझ्याकडे पाहिलं. मी परातीत मान घालून पीठ तिंबत होते. माझे कान तापले होते. तेवढं तिला पुरलं असणार.

दोन दिवसांनी शांताकाकूचे पापड होते. आई गेली नाही. पोळपाट भिंतीला टेकवलेलं होतं तसंच राहिलं. मला वाटलं, शांताकाकू येईल, म्हणेल मी नाही सांगितलं, तुझ्या पोरीला विचार. मी तिची वाट पाहत दाराच्या आड बसून होते. ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. मग मी सुटले असं समजले.

बाबा एवढंच म्हणाले की असलं काही घरात दिसलं नाही पाहिजे. आईने ब्लेडने त्या झग्याची शिवण उसवली, एक-एक टाका, घाई न करता, दोन दुपारी घालवून. कापड फाडलं नाही. त्याची तिने मला कॉलेजसाठी पिशवी शिवून दिली. अस्तर लावून, आत पेनाचा कप्पा करून. का, तर घरात तिचा भरवसा आता माझ्यावर होता. ती पिशवी मी तीन वर्षं खांद्याला लावून फिरवली. मुली म्हणायच्या, किती छान कापड आहे, कुठलं गं? मी सांगायचे, आईकडचं.

त्यानंतर माझं सगळं रीतसर झालं. ग्रंथपालाची नोकरी, लग्न, मुलगी. लोक मला शांत म्हणतात, मोजकं बोलणारी. मोजकं बोलणाऱ्या माणसांबद्दल आपल्याकडे फार आदर आहे. एकदा तोंड उघडून काय करून बसलेत ते कुणी विचारत नाही. शांताकाकू भिलाईतल्याच रुआबांध्याला मुलाकडे राहायला गेली. लग्नांमध्ये दिसायची, लांबून. आई खुर्ची बदलून बसायची. बाबा गेले तेव्हा ती आली होती, बायकांच्या मागे उभी राहिली आणि परत गेली. आईने विचारलं होतं, ते कावून आली? मी म्हणाले होते, माहीत नाही.

तन्वी गोव्याला गेली. तिकडून रोज लिंबांचे फोटो यायचे, मी बघितले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी मी रुआबांध्याला गेले. शांताकाकू ओट्यावर लसूण सोलत बसली होती. गुडघे गेलेत, दात थोडे उरलेत. मला ओळखून म्हणाली, "ये. मॅडम झालीस म्हणते." मी उभ्यानेच सांगून टाकलं. वाक्य सदतीस वर्षं पाठ होतं, तरी मधेच अडकलं. तिने सोललेली पाकळी वाटीत टाकली.

"मले नवं सांगून राहिली काय?" ती म्हणाली. "तवाच दिसलं होतं तुह्या तोंडावर."

मी विचारलं, मग आईला का नाही सांगितलं?

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू आयुष्यभर पुस्तकं मांडूनही हिला काही कळलं नाही. "मले टाकता येत होतं तिले. तुले कुठं टाकणार होती? बाहेर बायका हसून राहिल्या, घरात नणंद बसली, नवरा गुरकावून राहिला. पोर तरी आपली आहे असं वाटत होतं नं तिले. तेबी काढून घेऊ?"

मी रडले नाही. तिच्यासमोर रडणं म्हणजे तिच्याकडूनच आणखी काहीतरी मागणं झालं असतं. मी म्हणाले, आता मी आईला सांगते.

"सांग," ती म्हणाली. "आता तिनं तुले टाकलं तरी मी हावो तिच्याजवळ."

त्याच दुपारी सांगितलं. आई जेवून चिंच फोडत बसली होती. मी कुठेही काळजीचा चेहरा केला नाही. मी पाहिलं, मी सांगितलं, मत्सराने सांगितलं, शांताकाकूने नाही. आईचे हात थांबले. तिने एकच विचारलं.

"शांतीले माहीत होतं?"

"हो."

"तवापासून?"

"हो."

तिने चिंचोके एका बाजूला लोटले, हात पदराला पुसले आणि म्हणाली, चल. मी म्हणाले, आई, दोन वाजलेत, लू आहे, ऊन उतरू दे. ती चपला शोधायला लागली.

रुआबांध्याला पोचलो तेव्हा रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. शांताकाकू दारात आली. गळ्यात पडणं वगैरे काही झालं नाही. "किती वाळली वं तू," शांताकाकू म्हणाली. आई म्हणाली, "तू कोणती भरून आहेस?" आणि आत गेली. मी मागे निघाले तशी मान न वळवता म्हणाली, "तू बाहेर थांब."

मी शेजारच्या भिंतीच्या टीचभर सावलीत थांबले. आतून काही ऐकू येईना. मग आईचा आवाज आला, मग दोघींचा. तासाभराने आतून हसणं आलं. आईचं होतं. मी भिंतीजवळून हलले नाही. मला कुणी बोलावलं नव्हतं.

सहाला ती बाहेर आली. स्कूटीवर ती नेहमी माझ्या मागे बसते आणि माझ्या खांद्यावर हात ठेवते. गाडी वळली की तो हात घट्ट होतो. त्या दिवशी ती बसली आणि तिने मागची दांडी धरली.

आता रोज सकाळी तिला रुआबांध्याला सोडते, संध्याकाळी घेऊन येते. घरी बोलते, कामापुरतं. अजून दांडीच धरते. मी गाडी हळू चालवते, वळणावर आणखी हळू.